अकरा हजर, एक बेपत्ता

३ ऑक्टोबर, शनिवार

दादा,

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. २६ सप्टेंबर, शनिवार, सकाळी दहा चाळीसला मी बाबांच्या कॉम्प्युटरवर लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरचं पाचवं व्हर्जन टाकलं. आधी चौथं होतं.

२. कारण: जुन्या जॉयस्टिकची स्प्रिंग गेली होती. आता दुकानात मिळतात त्या जॉयस्टिक चौथ्या व्हर्जनला चालत नाहीत.

३. मोहिमेच्या फाइलचा बॅकअप आधी घेतला होता. नऊ वर्षं, दोनशे बारा उड्डाणं, एक प्रत.

४. पाचव्या व्हर्जनने विचारलं: ही मोहीम जुन्या व्हर्जनमधली आहे, बदलून घेऊ का? मी "हो" दाबलं.

५. मोहीम उघडली. उघडली एवढंच मी पाहिलं. मग डिस्कवर जागा हवी म्हणून चौथं व्हर्जन काढून टाकलं. ते आता कुठेच मिळत नाही, बनवणाऱ्यांनी गेल्या वर्षी बंद केलं. म्हणजे बॅकअप आहे, पण तो ज्यात उघडेल ते नाही.

६. सिम्युलेटरसाठी तू घरी बनवलेल्या विमानाची, पाचव्या व्हर्जनला चालेल अशी फाइल आमच्याकडे कधी आलेली नाही. त्यामुळे पाचव्याला ते विमान कळत नाही. ज्याचं विमान कळत नाही त्या वैमानिकाला ते बेपत्ता धरतं.

७. अकरा वाजता बाबा खुर्चीत बसले. तुकडीची हजेरी उघडली. बारा नावं. अकरा हजर, एक बेपत्ता. टोळ, म्हणजे तुझा वैमानिक.

८. बाबांनी कॉम्प्युटर बंद केला नाही. तो आजही चालू आहे, हजेरीच्या पानावर.

चूक माझी आहे. ऑफिसात माझं काम काय ते तुला माहीत नसेल, तू घर सोडल्यानंतर लागले. रक्त तपासणाऱ्या यंत्रांचं नवं व्हर्जन आलं की जुन्या रुग्णांचे निकाल त्यात जसेच्या तसे उघडतात का, ते मी तपासते. "उघडलं" एवढ्यावर कोणी सही मागितली तर मी त्याला दारात उभं करणार नाही. घरी तेच केलं.

तू गेल्यावरही टोळ तुकडीत होता. आता त्याला कॉम्प्युटर उडवतो, बाबांच्या उजव्या बाजूला, पूर्वी तू उडायचास त्याच जागी. बाबांचं तुकडीतलं नाव अजून मोजपट्टीच आहे. तू चिडवायला ठेवलेलं नाव ते आता वहीत सहीसारखं लिहितात. खोडरबर, म्हणजे मी, तिसऱ्या उड्डाणात पडले आणि परत बसले नाही.

आता मुद्दा. बाबांच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. १९ तारखेला, सोमवारी, सकाळी आठला दाखल व्हायचं आणि २० ला ऑपरेशन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याहून पुढे ढकलू नका. हे मी घाबरवायला सांगत नाही." संमतीचा कागद घरी आणून आठ दिवस झाले. बाबा सही करत नाहीत. कारण विचारलं तर म्हणतात, "मोजणी पूर्ण नाही."

तुला हे वाक्य माझ्याहून जास्त ओळखीचं आहे.

तुझ्याकडे त्या विमानाच्या मूळ फाइली असतील. पाचव्या व्हर्जनसाठी नवी फाइल करून पाठवलीस तर काम होईल. पत्ता आत्याकडून घेतला. तू लिफ्टच्या कंपनीत आहेस हेही तिच्याकडूनच कळलं. माझा मेल पत्ता पाकिटावर आहे. बाकी काही लिहिण्याची अपेक्षा नाही.

— खोडरबर


८ ऑक्टोबर, गुरुवार

दादा,

कुरिअरची पोच सोमवारी आली. सही तुझी आहे. तू शेवटच्या अक्षराची शेपटी अजून खाली ओढतोस. म्हणजे पत्र मिळालं. तीन दिवस झाले, मेल नाही. मी दर तासाला बघते, आणि बघते हे लिहायचं नव्हतं.

दरम्यान मी एक उपाय केला. तो फसला. त्याचीही नोंद तुझ्याकडे असावी.

नव्या मोहिमेची फाइल साध्या लिखाणासारखी उघडते. मी टोळाच्या ओळीत "बेपत्ता" काढून "हजर" लिहिलं. पाचव्याने फाइल उघडताच ते परत बेपत्ता केलं, कारण विमान नाही. मग मी त्याला दुसरं विमान दिलं, गेममधलंच, दोन आसनी, तुझ्या विमानासारखंच करडं रंगवलेलं. हजेरी उघडली: बारा हजर. बाबांना हाक मारली.

त्यांनी बराच वेळ यादी वाचली. मग चष्मा पुसून नवी जॉयस्टिक धरली आणि दोनशे तेरावं उड्डाण सुरू केलं. मला वाटलं, सुटले. मी कागद आणि पेन आणायला उठले, तर चौथ्या मिनिटाला ते उतरले होते.

"कोण होता तो?"

"टोळ. हजेरीत बघा ना."

"हजेरी वाचता येते मला. तो सरळ उडत होता."

"मग बरंच आहे की."

"टोळाचं विमान डावीकडे ओढतं. दर अर्ध्या मिनिटाला तो सावरून घेतो. चार वर्षं मी ते सावरणं माझ्या उजव्या काचेतून बघतोय." मग म्हणाले, "डावीकडे, म्हणजे माझ्याकडे. हा कोण आणलास?"

मी पडद्यावर हजेरीचं पान उघडलं.

"हजेरीवर सही कोणाची?"

"माझी."

"खोड," म्हणाले. "नाव ठेवलंय त्याला जाग."

मी खोडलं. पुन्हा अकरा.

आई दारातून सगळं ऐकत होती. हातात ओलं फडकं. "इथे जिवंत माणसं तुमच्या तोंडाकडे बघत बसलीयेत," ती म्हणाली, "आणि तुम्हाला त्या काचेतल्या बाहुल्याची पडलीय. तुम्हाला झडपेचं काही वाटतं की नाही?"

"झडप माझी आहे. तो माझ्या सहीवर उडालाय."

"मग माझ्या सहीवर कोण आहे या घरात?"

"तू सही करत नाहीस, नुसती ओरडतेस. म्हणून तर घर चाललंय."

ती हसली. मग फडकं टेबलावर आपटून आत गेली आणि नळ मोठा सोडला. आईला रडायचं असलं की ती भांडी घासते. परवा घासलेलीच पुन्हा घासली.

हे हट्ट नाही, दादा. मला आधी वाटलं होतं की आजारामुळे डोक्यावर परिणाम झालाय. मी त्यांना उलटसुलट प्रश्न विचारून पाहिले, आजची तारीख, आत्याचा फोन नंबर, माझा पगार किती वर्षांनी वाढला. सगळं बरोबर. ते वेडे नाहीत. ते टूलरूममध्ये आहेत. एकतीस वर्षं विमानदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये ज्या माणसाने रोज पाळी संपताना फळीवर रंगवलेल्या प्रत्येक पान्याच्या काळ्या आकृतीवर पाना आहे की नाही ते बोट लावून पाहिलं, त्याला एक जागा रिकामी ठेवून घरी जाता येत नाही. एक पाना कमी असला तर विमान सोडायचं नाही. ऑपरेशन म्हणजे त्यांच्या दृष्टीने पाळी संपणं आहे. परत येता येईलच असं त्यांनी धरलेलं नाही. हे त्यांनी सांगितलं नाही, पण कपाटाच्या किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधून ठेवल्या आहेत.

त्या दांड्याच्या आरशाबद्दल मला लिहायचं नव्हतं. पण टूलरूमचा विषय निघाला की तो तुझ्या मनात येणारच. तू इंजिन तपासायला नेलेला आरसा परत न आणता "परत" अशी सही केलीस, बाबांची मोजणी एकाने कमी भरली, त्यांनी विमान अडवलं, सात तास शोध झाला आणि आरसा इंजिनाच्या खाली सापडला. तक्रार त्यांनी केली. तुझा विमानदुरुस्तीचा परवाना गेला आणि तू घर सोडलंस. तेव्हा मी म्हणाले होते की त्यांनी दुसरं काय करायला हवं होतं? ते मत बदललेलं नाही. तुला माहीत नसलेला भाग फक्त एवढाच आहे की त्यानंतर ते दोन महिने रात्री जेवले नाहीत.

फाइल पाठव. तू जे काही म्हणशील ते मी ऐकून घेईन.

— मी


१० ऑक्टोबर, शनिवार

दादा,

आज पत्र लहान आहे.

दुसऱ्या पत्राची पोच आली. सही तुझी नाही. गोल शिक्का आहे आणि कोणाचं तरी आद्याक्षर. पत्र तुझ्या हातात पडलं का, टेबलावर आहे का, की तू घ्यायला नकार दिलास आणि कोणीतरी भिडेपोटी घेतलं, हे मला कळायला मार्ग नाही. कंपनीत फोन केला. एक बाई म्हणाल्या, "ते साइटवर असतात. निरोप देते." मी निरोपात फक्त "घरून फोन होता" एवढं सांगितलं. तुला त्याने घाबरायला झालं असेल तर: अजून काही झालेलं नाही.

आपल्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. सप्टेंबरच्या सुरुवातीला बाबा नवव्या पायरीवर थांबायचे. मागच्या आठवड्यात सातव्या. आज पाचव्या. थांबतात आणि भिंतीवरचा मीटर वाचल्याचं नाटक करतात. मीही त्यांच्यामागे थांबते आणि मीटर वाचते. आज ते म्हणाले, "तू किती आकडे वाचलेस?" मी आकडा सांगितला. म्हणाले, "बरोबर." मग वर आलो.

कागद अजून कोराच आहे.


१२ ऑक्टोबर, सोमवार

दादा,

आज सुट्टी घेतली. दोन दिवस बॅकअप वाचत होते, म्हणजे चौथ्या व्हर्जनमधली जुनी फाइल. ती गेममध्ये उघडत नसली तरी नुसती वाचता येते. कोरडी असते: एक ओळ म्हणजे एक वैमानिक. नाव, विमान, किती उड्डाणं, स्थिती. खाली घटनांची यादी, कोणत्या उड्डाणात कोणाचं काय झालं. मला वाटलं होतं की तुझ्या विमानाचे काही आकडे त्यात मिळतील आणि तुझ्याशिवाय भागेल. ते मिळाले नाहीत.

दुसरंच सापडलं. ते तुला सांगायचं की नाही यावर मी दुपारभर विचार केला.

बारा ओळींपैकी अकरा एकाच घडणीच्या आहेत, चौथ्या व्हर्जनच्या. बारावी, टोळाची, तिसऱ्या व्हर्जनची आहे. त्यात दोन रकाने कमी आहेत. गेम असं कधीच करत नाही. जुनी मोहीम बदलून घेताना सगळ्या ओळींची घडण एकदम बदलतो, नंतर फक्त त्यातले आकडे भरतो. एकच ओळ जुनी राहते याचा अर्थ ती जुन्या फाइलमधून कोणीतरी हाताने उचलून तिथे चिकटवली आहे.

घरात जुन्या फाइली ठेवणारा माणूस एकच आहे.

मग घटनांची यादी पाहिली. ती कोणी बदललेली नाही. बहुतेक ती असते हेच त्यांना माहीत नव्हतं. उड्डाण एकशे त्रेसष्ट: टोळ, मृत.

तारीख पाहिली. तू घर सोडून गेलास त्याच्या नवव्या दिवशी.

दादा, बाबांची कागदाची वही कॉम्प्युटरशेजारी असते, तुला आठवते, निळ्या पुठ्ठ्याची. प्रत्येक उड्डाणाला कोण गेलं, कोण किती वाजता परत आलं, खाली सही. ते बाहेर व्हरांड्यात बसले असताना मी एकशे त्रेसष्टचं पान काढलं. अकरा जणांपुढे वेळा आहेत, मिनिटासकट. टोळापुढे लिहिलंय "परत". वेळ नाही. खाली सही आहे, आणि ती नेहमीपेक्षा जोर देऊन केलेली आहे. मागच्या पानावर उमटली आहे.

ज्याने एका आरशापायी स्वतःच्या मुलाची खोटी सही धरून दिली, त्याने तो गेल्यावर नऊ दिवसांनी त्याच मुलासाठी अगदी तशीच सही केली. आणि मग चार वर्षं, पन्नास उड्डाणं, त्याला उजव्या बाजूला घेऊन फिरला.

मी हे बाबांना विचारलेलं नाही, विचारणारही नाही. तूही विचारू नकोस. मी फक्त एक केलं. ती जुनी ओळ चौथ्या व्हर्जनच्या घडणीची करून दिली, दोन रकाने भरले, म्हणजे पुढे कुठलंही व्हर्जन तिच्यावर अडखळणार नाही. त्यांची नोंद आता बेमालूम आहे. ऑफिसात असं कोणी केलं असतं तर मी त्याची तक्रार केली असती.

म्हणजे आता फक्त विमान बाकी आहे.

दोन्ही पोचांवरून माझे तीन-चार वेगवेगळे निष्कर्ष काढून झाले. आई विचारते, "काय गं, कुठे पत्रं टाकतेस?" मी म्हणते, "कंपनीत, जॉयस्टिकच्या तक्रारीची." ती म्हणते, "मग त्यांना जरा खडसावून लिही." मी लिहिते आहे असं सांगितलं.


१४ ऑक्टोबर, बुधवार

दादा,

पहिल्या पत्रातली एक दुरुस्ती.

मुद्दा ६ चुकीचा आहे. "फाइल आमच्याकडे कधी आलेली नाही" असं मी लिहिलं. फाइल आली होती. दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, माझ्या मेलवर. तुला अर्थातच माहीत आहे, तूच पाठवली होतीस. तुला माहीत आहे हे मला माहीत असूनही मी तुला ते वाक्य लिहिलं. पहिल्या पत्राला तू उत्तर का दिलं नाहीस, हे मी दहा दिवस इतरांना आणि पोचांना विचारत होते. ते मुद्दा ६ मध्ये होतं.

तुझा मेल मला पाठ आहे. "बाबांना हे दे. पाचवं व्हर्जन येतंय, त्यात माझं जुनं विमान चालणार नाही, म्हणून नवी फाइल केली आहे. माझं नाव सांगितलं नाहीस तरी चालेल. चाचणी केली आहे. डावीकडे ओढणं तसंच ठेवलं आहे."

मी ते नऊ दिवस ठेवलं. मग काढून टाकलं, कचऱ्याच्या डब्यातूनही. तू महिनाभर वाट पाहिली असशील. पुढच्या महिन्यात तुझा मेल पत्ता बंद झाला.

कारण विचारशील. मी तेव्हा स्वतःला असं सांगितलं की त्या आठवड्यात बाबा पहिल्यांदा चक्कर येऊन पडले होते, आणि तू त्यांच्या तब्येतीचा एक शब्दही लिहिला नव्हतास. तुला ते कळायचा काही मार्ग नव्हता, कारण तुला कळवायचं कोणी तर मी, आणि मी कळवलं नव्हतं. खरं कारण लहान आहे. तुझ्याकडून एवढीशी फाइल आली असती तरी बाबा ती डोक्यावर घेऊन नाचले असते. घरात राहिलेली मी होते. औषधं मी आणत होते. माझं नाव त्यांच्या तुकडीत तिसऱ्या उड्डाणानंतर नव्हतं.

हे वाचून तू पत्र खाली ठेवलंस तर मी समजू शकते. पण पुढचं वाच.

काल संध्याकाळी मी हे बाबांना सांगितलं. आई समोर होती. मी मुद्द्यांनी सांगितलं, मला तसंच जमतं. मेल कधी आला, काय लिहिलं होतं, मी काय केलं, आता तू कुठे आहेस आणि तुला मी पत्रं लिहिते आहे. बाबा हजेरीच्या पानाकडे बघत होते. आईने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"दोन वर्षं?" आई म्हणाली. "अगं, दोन वर्षं तू माझ्याशेजारी जेवतेस."

बाबांनी हात वर केला. आईला गप्प बसवायला.

"त्यात शेवटी काय लिहिलं होतं? परत सांग."

"डावीकडे ओढणं तसंच ठेवलं आहे."

"ठेवलं आहे, की ठेवतो?"

"ठेवलं आहे."

ते हसायला लागले. हसण्याचा खोकला झाला, आई पाणी घेऊन धावली, मी पाठ धरली, आणि मला त्यांच्या बरगड्या हाताला लागल्या इतके ते उतरले आहेत. खोकला थांबल्यावर म्हणाले, "मी त्याला सांगितलं होतं, ते ओढणं दुरुस्त केलंस तर तुला तुकडीतून काढीन. लक्षात ठेवलं त्याने." मग माझ्याकडे वळून, "आणि तू. तू मालाची पावती घेतलीस आणि माल दडवलास. टूलरूममध्ये असतीस तर?"

"काढून टाकलं असतं."

"इथून काढता येत नाही. ही एक अडचण आहे घराची."

एवढंच म्हणाले. आई माझ्याशी काल रात्रीपासून बोललेली नाही. आज सकाळी डबा मात्र भरून ठेवला होता, नेहमीच्या जागी.

मग त्यांनी निळी वही मागितली. दोनशे बारावं पान उघडलं. तिथे टोळापुढे त्यांनी त्या शनिवारी "बेपत्ता" लिहिलं होतं. त्यांनी पट्टी लावून त्यावर एक रेघ मारली, शेजारी "उशिरा" लिहिलं आणि सही केली. मला समजलं नाही. म्हणाले, "बेपत्ता म्हणजे माणूस कुठे आहे ते ठाऊक नाही. हा कुठे आहे ते ठाऊक आहे, त्याच्याकडे विमान आहे, आणि त्याला खरा निरोप पोचलेला नाही. हा उशिरा आहे. उशिराला वेळ द्यावा लागतो."

"किती?"

"टूलरूममध्ये पाळी संपेपर्यंत थांबायचो. दाखल कधी व्हायचंय?"

"सोमवारी सकाळी आठ."

त्यांनी बोटांवर मोजलं. "रविवारी सामान भरायचं. शनिवारी संध्याकाळी सहा. तोपर्यंत मी टूलरूमची खिडकी बंद करत नाही."

"आणि सहानंतर?"

त्यांनी वही मिटली. संमतीचा कागद ड्रॉवरमधून काढून वहीखाली ठेवला, कोपरा बाहेर दिसेल असा. वर पेन. सही नाही. मी नंतर पाहिलं, पेनाचं टोपण काढून ठेवलेलं आहे. शाई वाळेल म्हणून मी ते लावलं. थोड्या वेळाने ते परत काढलेलं होतं.

आता काय तयार आहे ते सांगते. नवी जॉयस्टिक बसवलेली आहे आणि बाबांच्या हाताला सवय झाली आहे. मोहिमेच्या फाइलच्या तीन प्रती आहेत, तीन वेगळ्या ठिकाणी, त्यातली एक ऑफिसात. टोळाची ओळ नीट केलेली आहे. तुझी फाइल आली की कुठल्या फोल्डरमध्ये टाकायची ते मला माहीत आहे. आधी प्रतीवर चाचणी करीन. या वेळी नुसती उघडते का तेवढं बघणार नाही. हजेरी बघीन, आणि मग उजव्या काचेतून बघीन.

जुनी फाइल तुझ्याकडे उरली नसेल तर तसं कळव. मग मला बाबांना सांगावं लागेल, आणि ते मी सांगेन. फाइल असेल पण माझ्या हातात द्यायची नसेल तर तेही कळव. पेन ड्राइव्ह थेट बाबांच्या नावाने पाठव, मी पाकीट फोडणार नाही. स्वतः आणायची असेल तर चौदा पायऱ्या आहेत, दार उघडं असतं, आणि पाचव्या पायरीवर कोणी मीटर वाचताना दिसलं तर त्याच्याशेजारी थांब.

हे पत्र मी दोन प्रतींत पाठवते आहे, एक कंपनीत, एक आत्याकडे. दोन्ही शुक्रवारी पोचतील.

शनिवार, १७ ऑक्टोबर, संध्याकाळी सहाच्या आत उत्तर दे.

— तुझी बहीण